पाळत आणि सभागृहाची संमती : येवला परिषदेच्या निमित्ताने

१

येवला हे नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव पैठणीच्या मागांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ते आणखी दोन कारणांनी परिचित असते. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचे हे जन्मगाव. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच गावी भरलेल्या मुंबई इलाखा दलितवर्ग परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, या आशयाची घोषणा केली. नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० पासून चाललेला सत्याग्रह थांबवावा, असा ठरावही याच परिषदेत झाला.

प्रस्तुत निबंधाचा विषय त्या घोषणेचे धार्मिक वा राजकीय मर्म हा नाही. त्याविषयी विपुल लेखन झालेले आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्या काळाच्या साधनांसंबंधी, आणि त्या साधनांतून उद्भवणाऱ्या एका प्रश्नासंबंधी. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये डॉ. आंबेडकर व अस्पृश्यांची चळवळ यांविषयीच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात वृत्तपत्रांतील उताऱ्यांबरोबर तत्कालीन पोलीस दप्तरातील गोपनीय सारांशही आहेत. सभेस कोण आले, किती जमले, कोण काय बोलले, पुढे काय घडण्याचा संभव आहे, अशा नोंदी त्यांत इंग्रजी भाषेत, अत्यंत संक्षेपाने केलेल्या आढळतात. भाषणे मराठीत झाली आणि त्यांचा सरकारी अवशेष इंग्रजीत उरला. अभ्यासक आज या सारांशांचा कृतज्ञतेने उपयोग करतो. परंतु ज्या हेतूने ते लिहिले गेले तो हेतू इतिहासलेखनाचा नव्हता. तो पाळतीचा होता. ज्यांच्यावर ही पाळत होती ते डॉ. आंबेडकर १९२७ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद होते, आणि १९३५ च्या जूनपासून मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. म्हणजे सरकारने नेमलेला प्राचार्य आणि सरकारनेच नजरेखाली ठेवलेला पुढारी ही एकच व्यक्ती होती.

या पाळतीस संमती कोणी दिली होती? ज्या कौन्सिलात डॉ. आंबेडकर बसत होते, तेथे पोलीस खात्याच्या खर्चाच्या मागण्या दरवर्षी येत आणि मंजूर होत. पाळतीचा खर्च त्या मागण्यांच्या पोटातच असे. ती कोणावर ठेवावी, किती काळ ठेवावी आणि तिचे कागद पुढे कोणी पाहावेत, हे मात्र कार्यकारी सत्तेने आपल्याकडे राखलेले होते. खर्चास संमती घ्यावयाची आणि कृतीस घ्यावयाची नाही, या प्रथेचा मागोवा घेणे हा या निबंधाचा उद्देश आहे. हा मागोवा कायद्यांच्या इतिहासातून घेतला असला, तरी प्रस्तुत लेखकाचा मूळ अभ्यासविषय भाषाशास्त्र असल्यामुळे शब्दांच्या घडणीकडे वाचकांचे लक्ष थोडे अधिक वेधले जाईल. ते अप्रस्तुत ठरणार नाही अशी आशा आहे.

२

‘पाळत’ हा शब्द मराठीत जुना आहे. मोल्सवर्थच्या कोशात तो गुप्तपणे, बारकाईने नजर ठेवण्याच्या अर्थी आढळतो. ‘पाळणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते उघड दिसते. पाळणे म्हणजे सांभाळणे, पोसणे, रक्षण करणे. एकाच धातूपासून मायेचा आणि संशयाचा असे दोन अर्थ निघाले, यात नवल मानण्याचे कारण नाही. कारण रक्षण करणाराची नजर आणि संशय घेणाराची नजर या व्यवहारात एकमेकींपासून फार दूर नसतात. ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण आज ‘पाळत’ वापरतो तो ‘सरव्हेलन्स’ हा शब्द मूळचा फ्रेंच आहे. त्यातील क्रियापदाचा अर्थ जागे राहणे असा होतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, परक्यांवर व संशयितांवर नजर ठेवण्यासाठी गावोगाव समित्या नेमल्या गेल्या, त्यांच्या नावातून तो युरोपभर परिचित झाला. आपल्या गावगाड्यातील ‘जागल्या’ या शब्दातही हीच कल्पना आहे. गाव निजले असता जो जागा राहतो तो जागल्या.

गावगाड्यात हे जागण्याचे काम कोणाकडे होते, याचा विचार येवला परिषदेच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. महार वतनदाराकडे जी अनेक कामे होती त्यांत वेशीची राखण हे प्रमुख काम होते. रात्री वेस लावणे, परका माणूस गावात आल्यास पाटलास कळविणे, चोराचा माग काढणे, गावातील मृत्यूची वार्ता पोचविणे ही सर्व कामे त्याची. म्हणूनच ‘वेसकर’ ही संज्ञा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आले आहे. मुंबई इलाख्याच्या १८६७ च्या ग्राम-पोलीस कायद्याने पोलीस पाटलाकडे गावातील गुन्ह्यांची व संशयास्पद गोष्टींची खबर वर पाठविण्याचे कर्तव्य सोपविले. परंतु पाटलापर्यंत ती खबर आणणारे डोळे व पाय बहुधा वेसकराचेच होते.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्ध होते. ते संमत झाले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. तेव्हा १९३५ साली येवल्यास जे लोक जमले होते त्यांच्या स्थितीतील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी वेशीवर उभे राहून राज्याच्या वतीने इतरांवर नजर ठेवली, तेच लोक स्वतःविषयी निर्णय घेण्यास एकत्र जमताच राज्याच्या नजरेचा विषय झाले.

येथे व्याकरणातील एक साधी गोष्ट नोंदविली पाहिजे. पुढील विवेचन तिच्यावर अवलंबून आहे. मराठीत ‘पाळत ठेवणे’ या प्रयोगास ‘कोणावर’ या प्रश्नाचे उत्तर लागते. नुसती पाळत ठेवता येत नाही. कोणावर तरी ठेवावी लागते. वाक्य पुरे करावयाचे तर ज्याच्यावर नजर आहे त्या माणसाचा उल्लेख करावाच लागतो, निदान तो मनात तरी आणावा लागतो.

३

ज्या कायद्यांनी पाळतीस उघड संमती दिली त्यांत १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अग्रगण्य होय. तो व्हाइसरॉयच्या विधिमंडळात संमत झाला. त्या मंडळात लोकनियुक्त सभासद एकही नव्हता. विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, त्याचप्रमाणे गुन्हेगारीही जातिपरंपरेने चालते, असा विधेयकाच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद होता. पैठणीचे माग पिढीजात चालविणाऱ्या येवल्यासारख्या गावातील वाचकास या उपमेतील फसवेपणा सांगण्याची आवश्यकता नाही. विणकराचा मुलगा माग शिकतो, म्हणून विणकर होतो. येथे मात्र मूल जन्मताच त्याचे नाव संशयितांत जमा होत होते.

या कायद्याप्रमाणे प्रांतिक सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की ती अधिसूचना हाच निर्णायक पुरावा ठरे, आणि तिच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागली. नोंदलेल्या माणसाने ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे वा पाटलापुढे हजर व्हावयाचे, मुक्काम बदलल्यास कळवावयाचे, बोटांचे ठसे द्यावयाचे. ‘हजेरी’ हा शाळेतील साधा शब्द या लोकांच्या जीवनात भयाचा शब्द झाला. ‘सेटलमेंट’ या शब्दाचीही तीच कथा. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसविलेल्या वसाहतीचे ते नाव आजही वस्तीचे नाव म्हणून चालते. आत्रे यांच्याच दुसऱ्या एका ग्रंथाचे नाव ‘गुन्हेगार जाती’ (१९११) असे आहे. गावगाड्याचे मर्मज्ञ निरीक्षण करणाऱ्या लेखकासही कायद्याने घडविलेला शब्दप्रयोग जसाच्या तसा स्वीकारणे स्वाभाविक वाटले, यावरून राज्याची परिभाषा समाजाच्या बोलण्यात किती लवकर मुरते हे दिसून येते.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेल्या कायद्यान्वये तो ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर संपुष्टात आला. त्यानंतर राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी निराळे कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. जमातीचा उल्लेख गेला आणि व्यक्तीचा आला, ही प्रगती खरी. तथापि जुन्या यादीतील घराण्यांकडे पाहण्याची ठाण्यावरची दृष्टी कायद्याबरोबर बदलली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांतील जातिभेदासंबंधी जो निर्णय दिला त्यात विमुक्त जमातींना सरसकट सराईत गुन्हेगार समजण्याच्या प्रवृत्तीचा विचार न्यायालयास पुन्हा करावा लागला. मधल्या काळात बहात्तर वर्षे लोटली होती.

हा कायदा अन्यायकारक होता, यात संशय नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचा एक गुण, गुण म्हणणे विचित्र वाटले तरी, नमूद केला पाहिजे. पाळत कोणावर ठेवावयाची हे तो उघडपणे सांगत होता. जमातीचे नाव अधिसूचनेत छापले जात होते. ज्याचे नाव छापले गेले आहे त्याला, किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला, हे नाव येथे का, असे कधीतरी विचारता येते. १९३७ मध्ये मुंबई सरकारने नेमलेली चौकशी समिती, आणि स्वातंत्र्यानंतर मध्यवर्ती सरकारने नेमलेली समिती, या दोन्हींचे काम अशा नावांमुळेच शक्य झाले. अन्याय वाक्यात उच्चारलेला होता, म्हणून तो वाक्यातून खोडता आला.

४

ज्या साम्राज्याने १८७१ मध्ये हा कायदा केला त्याच्या राजधानीत सत्तावीस वर्षांपूर्वी पाळतीविषयी अगदी निराळ्या प्रकारचा वाद झाला होता. इटालियन देशभक्त जोसेफ मॅझिनी हा लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहत होता. आपली पत्रे टपालात फोडून वाचली जातात असा त्यास संशय आला. टॉमस डंकोम या सभासदाने १८४४ च्या जून महिन्यात हा विषय अर्जाच्या रूपाने पार्लमेंटात आणला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या आज्ञेने पत्रे उघडली गेल्याचे निष्पन्न झाले. सभागृहांनी गुप्त चौकशी समित्या नेमल्या. अशा आज्ञापत्रांचा इतिहास त्यांनी अहवालात मांडला. आणि परकीयांची पत्रे उघडणारी टपालखात्यातील शाखा बंद करण्यात आली. पत्रे उघडण्याचा अधिकार सरकारकडे पुढेही राहिला, हे खरे. परंतु कोणाची पत्रे, कोणाच्या आज्ञेने, कोणासाठी, हे तीन प्रश्न सभागृहात उघडपणे विचारले गेले, आणि त्यांना उत्तर देणे मंत्र्यास भाग पडले.

या प्रसंगाचा आपल्या जिल्ह्याशी दूरचा पण लक्षणीय संबंध आहे. याच मॅझिनीच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर नाशिकजवळच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांनी केले. ते १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. ज्या मॅझिनीच्या पत्रांसाठी लंडनच्या पार्लमेंटात गदारोळ झाला, त्याचेच पुस्तक नाशिकच्या तरुणांच्या हाती दिसणे त्याच सरकारच्या अधिकाऱ्यांस संशयाचे कारण वाटू लागले. राजधानीत जो प्रश्न सभागृहाचा होता तो वसाहतीत केवळ पोलीस खात्याचा होता. दोन्हीकडे पाळत होती. ज्याच्यावर पाळत आहे त्याच्या वतीने प्रश्न विचारू शकणारे सभागृह मात्र एकाच ठिकाणी होते.

५

स्वातंत्र्यानंतर असे सभागृह आपल्याकडेही आले. तरी पाळतीची व्याख्या प्रथम न्यायालयातच तपासली गेली. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या इसमाविरुद्ध दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी तो सुटला. तरीही पोलिसांनी त्याच्यावर नजर ठेवण्याची नोंदवही उघडली. पोलीस नियमावलीच्या २३६ व्या नियमात पाळतीचे प्रकार दिले होते : घराभोवती गुप्तपणे पहारा करणे, रात्री घरी जाऊन तो आहे की नाही हे पाहणे, त्याच्या सवयी, उत्पन्न व धंदा यांची चौकशी करणे, त्याच्या जाण्यायेण्याची नोंद ठेवणे, इत्यादी. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९६२ रोजी निर्णय दिला. रात्री घरी जाण्याचा भाग घटनाबाह्य ठरला. इतर प्रकार बहुमताने टिकले. न्यायमूर्ती सुब्बा राव व शहा यांनी मात्र सर्वच नियम अवैध मानले.

या निर्णयातील एका मुद्द्याकडे विद्यार्थ्यांचे सहसा दुर्लक्ष होते. ही नियमावली कोणत्याही विधिमंडळाच्या कायद्यावर आधारलेली नव्हती. त्या खात्याने आपल्या अधिकाऱ्यांस दिलेल्या सूचना होत्या. त्यामुळे ज्या ठिकाणी मूलभूत हक्काला बाध येत होता त्या ठिकाणी ‘हा कायदा आहे’ असे म्हणून राज्याला बचाव करता आला नाही. नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले, तेव्हा त्यास बाध आणणाऱ्या कृतीसाठी ज्या कसोट्या सांगितल्या गेल्या त्यांत पहिली कसोटी हीच होती. कृतीस कायद्याचा आधार हवा. मग उद्देश वैध हवा. आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. प्रमाणाविषयी वाद होऊ शकेल. कायदा आहे की नाही याविषयी होऊ नये.

६

आता ज्या काळात आपण आहोत त्याकडे वळू. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या माहितीव्यवस्थेत मोठे फेरफार सुरू झाले. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक बाबींविषयीच्या समितीने जून २००९ मध्ये ‘क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टिम्स’ ही योजना मंजूर केली. तिचा खर्च २,००० कोटी रुपये ठरला. देशातील सुमारे १४,००० पोलीस ठाणी व सुमारे ६,००० वरिष्ठ कार्यालये एका जाळ्यात आणावयाची होती. निरनिराळ्या खात्यांकडील माहिती एकत्र पाहता यावी यासाठी ‘नॅटग्रिड’ ही दुसरी व्यवस्था निघाली. २०११ मध्ये तिला मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मंजुरी मिळाली. मुंबई शहरात चित्रग्राहक यंत्रे बसविण्याची शिफारस राम प्रधान समितीने केली होती. अनेक वेळा निविदा फसल्यानंतर २०१५ मध्ये लार्सन अँड टुब्रो या कंपनीशी ९४९ कोटी रुपयांचा करार झाला आणि २०१६ मध्ये सुमारे ४,७०० यंत्रे कामास लागली.

या योजनांचे प्रयोजन खोटे होते असे कोणीही म्हणणार नाही. एका ठाण्यातील नोंद शेजारच्या ठाण्यास कळत नसे, ही अडचण खरी होती. मुंबईच्या प्रकल्पाविषयीची त्या वेळची मोठी तक्रारही विलंबाची होती, आणि ज्या शहराने तो हल्ला सोसला त्याने तशी तक्रार करणे योग्यच होते. परंतु या सर्व व्यवस्थांच्या स्थापनेत एक समान गोष्ट आढळते. त्यांपैकी एकीसाठीही स्वतंत्र विधेयक संसदेत वा विधिमंडळात मांडले गेले नाही. मंजुरी मंत्रिमंडळाची, पुढची पायरी निविदा, त्यापुढची करार. सभागृहासमोर आला तो खर्चाचा आकडा.

ही पद्धत कोठवर जाते याचे उदाहरण म्हणजे चेहऱ्यांवरून माणूस ओळखणाऱ्या राष्ट्रीय प्रणालीची निविदा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ती २८ जून २०१९ रोजी प्रसिद्ध केली. अशा प्रणालीस कोणत्या कायद्याचा आधार आहे, असे दिल्लीच्या एका स्वयंसेवी संस्थेने कायदेशीर नोटिशीद्वारे विचारले. उत्तरादाखल विभागाने २००९ च्या मंत्रिमंडळ-टिपणीचा निर्देश केला. म्हणजे ठाण्यातील कागद संगणकावर आणण्यासाठी दहा वर्षांपूर्वी दिलेली खर्चाची मंजुरी, रस्त्यावरील माणसाचा चेहरा ओळखण्याच्या अधिकाराचा आधार म्हणून पुढे करण्यात आली. खडकसिंगाच्या खटल्यात खात्याच्या सूचना म्हणजे कायदा नव्हे असे ठरून तेव्हा सत्तावन्न वर्षे होत आली होती.

येथे मघाच्या व्याकरणाची आठवण करणे इष्ट आहे. निविदांची व मंजुरीपत्रांची भाषा पाहिली असता तीत ‘प्रणाली उभारणे’, ‘जाळे जोडणे’, ‘क्षमता वाढविणे’, ‘माहितीचे एकत्रीकरण’ असे प्रयोग येतात. या प्रयोगांना ‘कोणावर’ हा प्रश्न विचारता येत नाही. प्रणाली उभारली, एवढ्यात वाक्य पुरे होते. १८७१ च्या कायद्यात ज्याच्यावर पाळत ठेवावयाची तो माणूस, जमातीच्या नावाने का होईना, वाक्यात उपस्थित होता. २००९ नंतरच्या वाक्यांत तो उपस्थित नाही. त्याच्या जागी वस्तू आली आहे, आणि वस्तूविषयी विचारण्याजोगे प्रश्न म्हणजे तिची किंमत, तिचा दर्जा आणि ती पोचविण्याची मुदत. सभागृहात प्रश्न विचारलेच गेले तर तेही मग याच तीन प्रकारचे होतात. ही भाषा कोणी कपटाने रचली आहे असे मला म्हणावयाचे नाही. खरेदीची भाषा अशीच असते. अधिकाराचा प्रश्न खरेदीच्या कागदावर सोडविला गेला, यात चूक आहे.

७

याच्या उलट, विषय विधेयकाच्या रूपाने आला की काय घडते हे २०२२ मध्ये दिसून आले. १९२० च्या कैदी-ओळख कायद्यात ‘मापे’ या शब्दाच्या व्याख्येत बोटांचे व पावलांचे ठसे यांचा समावेश होता. छायाचित्र घेण्याची तरतूद निराळी होती. आरोपी निर्दोष सुटला तर ती मापे सामान्यतः नष्ट करावयाची असत. त्याच्या जागी आणलेल्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) विधेयकाने ‘मापे’ या शब्दात डोळ्यांतील बुबुळ व पडदा यांची चित्रे, शारीरिक व जैविक नमुने, आणि सही व हस्ताक्षर यांसारखी ‘वर्तनविषयक लक्षणे’ यांचा अंतर्भाव केला. अटक झालेल्या व प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्तींपर्यंत त्याची व्याप्ती गेली. नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ७५ वर्षे जतन करावयाच्या ठरल्या. माणसाच्या लिहिण्याच्या वळणाला ‘माप’ म्हणावे काय, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनीच अडवितो. कायद्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व असे की, ‘मापे’ या एका साध्या शब्दाच्या पोटात अख्खा माणूस बसविता आला.

२८ मार्च २०२२ रोजी हे विधेयक लोकसभेत मांडण्यासच विरोधी सभासदांनी हरकत घेतली आणि मतविभागणी मागितली. विधेयक मांडण्याच्या बाजूने १२० व विरुद्ध ५८ मते पडली. विधेयक मांडतानाच मतविभागणी व्हावी हे क्वचितच घडते. राज्यघटनेच्या १४, १९, २० (३) व २१ या अनुच्छेदांचा आधार घेऊन आक्षेप मांडले गेले. विधेयक ४ एप्रिल रोजी लोकसभेत व ६ एप्रिल रोजी राज्यसभेत संमत झाले. ते प्रवर समितीकडे पाठविण्याची मागणी मान्य झाली नाही. गुन्ह्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण वाढावे आणि पोलीस गुन्हेगारांच्या पुढे राहावेत, ही सरकारची भूमिका गृहमंत्र्यांनी मांडली. कायदा ४ ऑगस्ट २०२२ पासून अंमलात आला.

विरोधकांचा पराभव झाला. पण हा वाद निष्फळ ठरला असे म्हणता येणार नाही. विधेयक होते म्हणून व्याख्या छापली गेली. व्याख्या होती म्हणून ‘कोणावर’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले : शिक्षा झालेल्यावर, अटक झालेल्यावर, स्थानबद्धावर. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, तो स्त्रिया वा बालके यांच्याविरुद्ध नसल्यास, अटक झालेल्या व्यक्तीवर जैविक नमुने देण्याची सक्ती नाही, असा अपवाद कलमातच लिहिला गेला. सर्व उपाय संपून निर्दोष ठरलेल्याच्या नोंदी, न्यायालयाने वेगळी आज्ञा न दिल्यास, नष्ट कराव्या लागतील, हेही लिहिले गेले. या तरतुदी अपुऱ्या असतील. परंतु उद्या ज्या नागरिकास न्यायालयात जावयाचे आहे त्याच्या हाती बोट ठेवण्यासारखे वाक्य आहे. निविदेपुढे उभ्या राहिलेल्या नागरिकाच्या हाती तसे वाक्य नसते.

८

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, सुरक्षेच्या यंत्रणेची चर्चा उघड सभागृहात केल्यास तिचा उपयोगच नाहीसा होईल. यास उत्तर असे की, सभागृहाने यंत्राची घडण विचारावी असे कोणीच म्हणत नाही. अधिकाराची मर्यादा विचारावी, एवढेच म्हणणे आहे. मॅझिनीच्या प्रकरणात समित्यांचे काम गुप्तपणे चालले, तरी अहवाल प्रसिद्ध झाला. दुसरा आक्षेप असा की, गृहखात्याच्या मागण्या संसदीय स्थायी समितीकडे जातात, आणि हिशेबतपासणीही होते. तेव्हा नियंत्रण नाही असे कसे म्हणावे? नियंत्रण आहे, पण ते पैशाचे आहे. पैसा योग्य रीतीने खर्च झाला हे सिद्ध झाल्याने ज्या कामासाठी तो खर्च झाला ते काम योग्य होते हे सिद्ध होत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १८७१ चा कायदाही रीतसर संमत झाला होता. म्हणजे सभागृहाच्या संमतीने अन्याय टळतोच असे नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. संमतीने अन्याय टळेल अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. अन्यायाचा पत्ता तेवढा तिच्यामुळे राहतो, आणि तो शोधून काढण्यास पुढच्या पिढीला जागा मिळते.

येवला परिषदेच्या काळातील पोलीस सारांश आज आपण वाचू शकतो, कारण ते कागदावर होते, एका दप्तरात होते, आणि एका सरकारने ते सत्तेचाळीस वर्षांनी प्रसिद्ध करण्याचे ठरविले. ज्यांच्यावर पाळत होती त्यांची नातवंडे ते वाचून सरकारी लेखनिकाने आपल्या आजोबांना कसे पाहिले हे जाणू शकतात. आजच्या यंत्रांच्या नोंदींचे पुढे काय होईल, त्या कोण जपेल, कोण पुसेल, कोणास दाखवील, याचे उत्तर करारातील अटींत नव्हे, कायद्याच्या कलमात असावयास हवे. वेशीवर उभ्या असलेल्या वेसकरास निदान गाव ओळखीत होते, आणि तो कोणाच्या हुकुमाने उभा आहे हेही गावास ठाऊक होते. रस्त्यावरच्या खांबावरील यंत्र कोणाच्या हुकुमाने जागे आहे, हे विचारण्याचा अधिकार ज्या सभागृहाकडे आहे त्याने तो प्रश्न निविदा निघण्यापूर्वी विचारावा, एवढीच या विवेचनाची निष्पत्ती आहे.